पूर्वछिद्र

पूर्वछिद्र : खिळा, स्क्रू वा बोल्ट बसविण्यापूर्वी, तसेच मोठ्या व्यासाचे भोक पाडण्यापूर्वी, पदार्थात मुद्दाम पाडलेले लहान व्यासाचे भोक. यास मार्गदर्शक छिद्र असेही म्हणतात. पूर्वछिद्राची कार्ये मुख्यतः तीन आहेत : पुढून येणाऱ्या हत्यारास वा बंधकास (जोडणाऱ्या खिळ्यास वा स्क्रूस) नेमकी दिशा देणे, पदार्थ चिरू न देणे आणि काम करण्यास लागणारा जोर कमी करणे. भोक पाडल्याने वस्तू दुबळी होते, हा सर्वसाधारण समज पूर्वछिद्राच्या बाबतीत पुष्कळदा खोटा ठरतो. योग्य व्यासाचे भोक आधी पाडून बसविलेला खिळा कठीण लाकडात नुसत्या ठोकलेल्या खिळ्यापेक्षा अधिक घट्ट धरतो, कारण त्याच्या भोवतालचे लाकूड अखंड राहिलेले असते.

सागवान आणि बाभूळ या दोन लाकडांवर ज्या प्रदेशाची घरे व शेती शतकानुशतके उभी राहिली, त्या वऱ्हाडात या साध्या कृतीला विशेष महत्त्व होते. अकोल्याचे जुने शहर, मेळघाटची जंगले, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवरची शेती, लोहमार्ग आणि कापसाच्या गिरण्या या सर्वांच्या इतिहासात तिचा माग काढता येतो.

तत्त्व : लाकूड हे लांबट तंतूंचे बनलेले असते. तंतूंच्या दिशेने ते पुष्कळ ताण सहन करते. परंतु तंतूंना काटकोनात ओढल्यास त्याचे बळ त्या मानाने फारच थोडे, सामान्यतः विसाव्या हिश्श्याच्या आसपास वा त्याहूनही कमी, असते. टोकदार खिळा ठोकला असता तो पाचरीप्रमाणे काम करतो. तंतू तुटण्याऐवजी बाजूला रेटले जातात आणि त्यांच्यात आडवा ताण निर्माण होतो. फळीच्या मध्यभागी हा ताण भोवतालचे लाकूड सहन करते. मात्र फळीच्या टोकाजवळ वा कडेजवळ आधार नसल्याने चीर पडते. लाकूड जितके घन व कोरडे, तितका हा धोका अधिक. सागाची सापेक्ष घनता सुमारे ०·६५, तर बाभळीची सुमारे ०·८ असते. यामुळे मऊ लाकडात जे खपून जाते, ते बाभळीत खपत नाही. पूर्वछिद्र पाडल्याने खिळ्याच्या जागेतील बहुतेक लाकूड भुशाच्या रूपाने आधीच बाहेर पडते. उरलेले थोडे लाकूड दाबले जाऊन खिळ्यास सर्व बाजूंनी आवळून धरते.

खिळ्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करून मग तो ठोकण्याची सुतारांची रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे. बोथट टोक तंतूंना बाजूस न सारता चिरडत जाते, म्हणजेच स्वतःचे भोक स्वतःच पाडते. परंतु ही युक्ती मऊ लाकडात व लहान खिळ्यांपुरतीच उपयोगी पडते.

दगडाच्या कामात हेच तत्त्व उलट बाजूने वापरतात. दक्षिणेतील काळा कातळ फोडताना पाथरवट एका ओळीत लहान लहान खाचा पाडून त्यांत लोखंडी पाचरी ठोकतो आणि दगड त्या ओळीनेच दुभंगतो. सुताराचे भोक चीर टाळण्यासाठी, तर पाथरवटाची खाच चीर हव्या त्या रेषेत आणण्यासाठी असते. पदार्थ कोठे फुटेल हे आधीच ठरविणे, हा दोन्हींतील समान धागा होय.

प्राचीन इतिहास : फिरत्या टोकाने भोक पाडण्याची कला धातूंच्या वापराहून जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन दफनांत, जिवंतपणी गारगोटीच्या टोकाने कोरलेल्या दाढा सापडल्या आहेत. नऊ व्यक्तींच्या अशा अकरा दाढांचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांचा काळ आजपासून सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचा मानतात. सिंधू संस्कृतीतील कारागीर लांबट अकीक मण्यांना आरपार भोक पाडीत. अशा कामात मण्याच्या टोकाशी प्रथम एक लहान खळगा पाडावा लागतो. अन्यथा फिरते टोक गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरते. गुजरातेतील खंबायत येथील मणिकारांनी हीच पद्धत आधुनिक काळापर्यंत चालविली आहे. हा खळगा म्हणजे पूर्वछिद्राचे आद्य रूप म्हणता येईल.

ईजिप्तमधील रेखमिरे याच्या थडग्यातील इ. स. पू. पंधराव्या शतकातील भित्तिचित्रांत कमानीच्या साहाय्याने भोके पाडणारे सुतार दाखविलेले आहेत. रोमन लेखक कॉलमेला याने द्राक्षवेलींच्या कलमासाठी गॉल लोकांच्या गिरमिटाची शिफारस केली होती. त्याने लाकूड जळत नाही, तर कापले जाते, हे त्याचे कारण होते. हाताने सलग फिरविता येणारा वाकड्या दांड्याचा ब्रेस यूरोपात पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आढळतो. भारतात अमरकोशात भोक पाडण्याच्या हत्यारास आस्फोटनी व वेधनिका असे दोन पर्याय दिले असून ते कारागिरांच्या वर्गात येतात.

महाराष्ट्रातील लाकूडकामाचे सर्वांत जुने अवशेष लेण्यांत टिकले आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छतास बसविलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. भाजे येथील चैत्यगृहाचा लाकडी दर्शनी भाग नष्ट झाला असला, तरी तो ज्यांत बसविला होता ती खडकातील भोके व खाचा स्पष्ट दिसतात. आधी भोक, मग जोड, हा क्रम तेथे दगडावरच नोंदला गेला आहे.

अकोला व वऱ्हाड : मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर अकोल्याचे जुने शहर वसले आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या जहागिरीत हे गाव होते व त्याच्याच नावाने येथील किल्ल्यास असदगड म्हणतात. ख्वाजा अब्दुल लतीफ याच्या देखरेखीखाली १६९७ च्या सुमारास हे बांधकाम झाल्याचे सांगतात. दहीहंडा वेस, अगरवेस ही नावे या तटबंदीची आठवण देतात. इंग्रजी अमलात १८७० च्या सुमारास तटाचा पुष्कळसा भाग पाडण्यात आला.

तटबंदीच्या काळातील दरवाजे हे मोठ्या प्रमाणावरील जोडकामाचे उत्तम उदाहरण होय. जाड सागवानी फळ्या व त्यांमागील आडवे पट्टे एकमेकांना लांब लोखंडी खिळ्यांनी सांधत. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीची धडक रोखण्यासाठी बसविलेले अणकुचीदार खिळे प्रसिद्धच आहेत. इतका जाड खिळा अखंड सागात नुसता ठोकणे शक्य नसते. फळीस आरपार भोक पाडून खिळा त्यातून घालीत व मागील बाजूस आलेले टोक वळवून वा कडीत अडकवून पक्के करीत. भोकांची ओळ एकाच तंतुरेषेत आली, तर फळी त्या रेषेने दुभंगण्याची भीती असते. म्हणून जाणता कारागीर खिळ्यांच्या जागा एकीपुढे एक न ठेवता आलटून पालटून घेतो.

घरबांधणीत मात्र खिळ्याचा वापर पूर्वी बेताचाच होता. उथळ्यावर उभा खांब, त्यावर हस्त, हस्तावर तुळई आणि वर कडीपाट अशी जुन्या घरांची रचना असे. सांधे कुसू व खाच यांचे असत. कुसू खाचेत बसवून दोहोंतून आरपार भोक पाडीत व त्यात लाकडी खुंटी ठोकीत. खुंटीचे भोक कुसवात किंचित आतल्या बाजूस घेतल्यास खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. खाच पाडतानाही आधी गिरमिटाने ओळीने भोके पाडून मधले लाकूड पटाशीने काढून टाकीत. त्यामुळे कड फाटत नसे.

गावगाड्यात हे काम सुताराकडे असे. वऱ्हाडात त्यास वाढई असेही म्हणतात. वाकस, करवत, रंधा, पटाशी यांबरोबर सामता व गिरमिट ही त्याची भोक पाडण्याची हत्यारे होत. सामत्यात टोकदार पाते बसविलेल्या उभ्या दांड्याभोवती कमानीच्या दोरीचा एक वेढा असतो. दांड्याचे वरचे टोक एका हातातील खोबणीत धरून दुसऱ्या हाताने कमान पुढेमागे ओढली की, पाते आलटून पालटून दोन्ही दिशांनी फिरते. ते कापण्यापेक्षा खरवडते. म्हणून खोल भोकास वेळ लागतो, परंतु लहान पूर्वछिद्रास ते अतिशय सोयीचे असते. गिरमिटाचे टोक मळसूत्री असल्याने ते एकाच दिशेने फिरवावे लागते व आपणहून लाकडात शिरते. लहान खिळ्यासाठी नुसता टोच्याही पुरतो. मात्र त्याची धार तंतूंना आडवी धरून दाबावी लागते, नाहीतर टोच्याच फळी चिरतो [⟶ सुतारकाम].

शेतीची अवजारे बहुधा बाभळीची असत. ही लाकडे शेतातच मिळत, झिजत कमी. पण हत्यारास दाद देत नसत. तिफणीच्या दिंडात तीन फण बसविण्यासाठी जी भोके लागतात, ती एकमेकांपासून सारख्या अंतरावर व एकाच कोनात असावी लागतात. भोक थोडे तिरपे गेल्यास फण वाकडा बसतो, पेरणीच्या ओळींतील अंतर बिघडते आणि पुढे डवरणीच्या वेळी डवऱ्याखाली रोपे सापडतात. म्हणजे सुताराच्या एका चुकीची किंमत शेतकऱ्यास हंगामभर मोजावी लागे. यासाठी दिंडावर आधी खुणा करून लहान भोके पाडीत, ती ताडून पाहत आणि मगच ती मोठी व चौकोनी करीत. बैलगाडीच्या चाकातील तुंब्यासही हाच नियम लागू पडतो. आसाचे भोक तुंब्याच्या नेमके मध्यातून गेले नाही, तर चाक डुलत चालते. दोन्ही तोंडांकडून मध्य साधून पाडलेले लहान भोक पुढे रुंदावत नेणे ही त्यावरील खात्रीची पद्धत होय [⟶ बैलगाडी].

मळसूत्राचे आगमन : लाकडात बसणारा स्क्रू यूरोपात सोळाव्या शतकात वापरात होता. गेओर्ख आग्रिकोला याच्या खाणकामावरील १५५६ च्या ग्रंथात भात्याचे कातडे बसविण्यासाठी स्क्रू वापरल्याचे वर्णन असून तो खिळ्याहून सरस असल्याचे म्हटले आहे. इंग्लंडमध्ये जॉब व विल्यम वायट या बंधूंनी १७६० मध्ये यंत्राने स्क्रू तयार करण्याचे एकस्व घेतले. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूचे टोक बोथट असे. त्यामुळे पूर्वछिद्राशिवाय तो लाकडात शिरूच शकत नसे. अमेरिकेत टॉमस स्लोन याने १८४६ मध्ये गिरमिटासारख्या टोकाच्या स्क्रूचे एकस्व मिळविले आणि १८५४ मध्ये नेटलफोल्ड या बर्मिंगहॅमच्या कारखानदाराने त्याचे हक्क विकत घेतले. यानंतर टोकदार स्क्रू जगभर पसरला व भारतातही आला.

टोकदार स्क्रूमुळे पूर्वछिद्राची गरज संपली, असा एक समज पसरला. प्रत्यक्षात स्क्रूचे टोक केवळ सुरुवात करून देते. मळसूत्राच्या आतील गाभ्यास लागणारी जागा लाकडाला बाजूला सारूनच मिळवावी लागते. कठीण लाकडात यामुळे चीर पडते किंवा स्क्रूच पिळवटून तुटतो. पितळी स्क्रूच्या बाबतीत तर हा अनुभव नित्याचा आहे. म्हणून आधी भोक पाडून त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा फिरवून काढतात आणि नंतर पितळी स्क्रूस साबण वा मेण लावून तो बसवितात.

लोहमार्ग व गिरण्या : वऱ्हाड १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून अकोला, बडनेऱ्यावरून जाणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पूर्ण झाला. रूळ लाकडी स्लीपरवर खिळ्यांनी बसवीत. स्लीपरमध्ये चीर पडल्यास खिळा सैल होतो, फटीतून पाणी शिरते, लाकूड कुजते व रुळांतील अंतर वाढून गाडी घसरण्याचा धोका निर्माण होतो. यासाठी प्रत्येक खिळ्याची जागा मापाने आखून तेथे गिरमिटाने भोक पाडणे हा लोहमार्गाच्या कामाचा आवश्यक भाग ठरला. गावच्या सुतारास जे अनुभवाने ठाऊक होते, ते येथे लिखित माप व नियम यांच्या रूपाने आले. पुढे काँक्रीटचे स्लीपर आल्यावर खिळ्याची जागा काँक्रीट ओततानाच बसविलेल्या लोखंडी तुकड्याने घेतली.

कापसाच्या व्यापाराबरोबर अकोला, खामगाव, अमरावती या परिसरात सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या गिरण्या निघाल्या आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी फिटर हा नवा कारागीर आला. धातूतील पूर्वछिद्राचे कारण लाकडाहून वेगळे आहे. स्टीव्हन मॉर्स याने १८६३ मध्ये एकस्व घेतलेल्या पिळाच्या ड्रिलच्या अगदी टोकाशी एक आखूड आडवी कड असते. ही कड धातू कापत नाही, नुसती रेटते. ड्रिल दाबण्यास लागणाऱ्या जोरापैकी निम्म्याच्या आसपास जोर तिच्यावरच खर्च होतो. या कडेच्या लांबीहून किंचित मोठे भोक आधी पाडल्यास मोठे ड्रिल हलकेच व सरळ जाते. त्याआधी पंचाने एक खळगा पाडावा लागतो, तो मण्यातील खळग्याप्रमाणेच ड्रिल घसरू नये म्हणून. आटे पाडावयाचे भोक बाहेरील व्यासातून आट्यांमधील अंतर वजा करून ठरवितात. उदा., ६ मिमी. व्यासाच्या व १ मिमी. अंतराच्या आट्यांसाठी ५ मिमी. चे भोक लागते.

प्रमाणे : लाकडातील खिळ्यासाठी पूर्वछिद्राचा व्यास सामान्यतः खिळ्याच्या व्यासाच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश ठेवतात. स्क्रूसाठी गाभ्याचा व्यास विचारात घेतात : मऊ लाकडात त्याच्या सुमारे ७०%, तर कठीण लाकडात सुमारे ९०%. ज्या फळीतून स्क्रू आरपार जातो तिच्यातील भोक मात्र स्क्रूच्या दांड्याएवढे पूर्ण असावे लागते. अन्यथा आटे दोन्ही फळ्यांत अडकतात आणि फळ्यांमधील फट आवळली जात नाही. भोक फार मोठे झाल्यास पकड जाते, फार लहान झाल्यास चीर पडते.

बांबू व भिंती : बांबूत तंतू एकाच दिशेने असल्याने व तो पोकळ असल्याने तो सर्वांत सहज चिरतो. त्यात खिळा ठोकणे म्हणजे तो फोडणेच होय. म्हणून बांबूचे सांधे दोरीने बांधतात, किंवा पेराजवळ भोक पाडून त्यात खुंटी घालतात. अकोल्याच्या जुन्या शहरातील राजराजेश्वर मंदिरात श्रावणातील शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचे पाणी आणणाऱ्या कावडी येतात. ही प्रथा १९४४ पासून चालत आली आहे. बांबूवर बांधलेली भरणी खांद्यावरून रात्रभर वाहून नेणाऱ्या या कावडींत दोरीच्या बांधणीचे महत्त्व सहज लक्षात येते.

विटांच्या व काँक्रीटच्या भिंतीत स्क्रूस धरण्याजोगे तंतूच नसतात. पूर्वी भिंतीत भोक पाडून त्यात लाकडी पाचर ठोकीत व तिच्यात खिळा मारीत. लाकूड सुकले की पाचर सैल होई. जॉन रॉलिंग्ज याने १९११ मध्ये तंतूंची व आर्टूर फिशर याने १९५८ मध्ये नायलॉनची पसरणारी गुंडी प्रचारात आणली. येथे पूर्वछिद्र हे केवळ वाट न राहता बंधकाचे घरच बनते.

भूजल : पूर्वछिद्राचे तत्त्व वऱ्हाडात आणखी एका, अधिक जिव्हाळ्याच्या, क्षेत्रात वापरले जाते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या गाळाचा सुमारे ४,७०० चौ. किमी. चा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. येथील भूजल पुष्कळ ठिकाणी इतके खारट असते की, ते पिण्यास व पिकांसही निरुपयोगी ठरते. गाळाच्या प्रदेशात नलिकाकूप खोदताना प्रथम लहान व्यासाचे छिद्र घेतात, त्यात विद्युत् उपकरण सोडून निरनिराळ्या खोलीवरील थरांचा विद्युत् रोध मोजतात आणि त्यावरून गोड व खाऱ्या पाण्याचे थर ओळखतात. खाऱ्या पाण्याचा रोध कमी असतो. गोडे पाणी असेल तरच छिद्र रुंद करून नळ बसवितात व खारे थर बंद करतात; नसेल तर छिद्र बुजवून टाकतात. ही तपासणी न करता सरळ मोठे भोक घेतल्यास खर्च वाया जातो, शिवाय खारे पाणी गोड्या थरात उतरून तोही बिघडण्याची भीती असते.

सद्यःस्थिती : १८८९ नंतर विकसित झालेले विजेचे ड्रिल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील लहान कारागिरांपर्यंत पोहोचले व सामता मागे पडला. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतारकाम शिकविले जाऊ लागले. विजेच्या हत्याराने भोक पाडणे सोपे झाले. तसेच स्क्रू थेट दाबून बसविणेही सोपे झाले, आणि घाईच्या कामात पूर्वछिद्र गाळण्याकडे कल वाढला. दाबून तयार केलेल्या भुशाच्या फळ्यांत कडेजवळ स्क्रू लावताना ही चूक विशेष जाणवते.

जुन्या घरांच्या दुरुस्तीत ती अधिक महाग पडते. अनेक दशके सुकलेले सागवान कठीण व ठिसूळ झालेले असते. जुने लोखंडी खिळे गंजून फुगल्याने भोवतालचे लाकूड आधीच ताणाखाली असते. अशा तुळईत नवा खिळा नुसता ठोकल्यास ती टोकापासून चिरते. तितक्या जाडीचा साग आता सहज मिळत नाही. मेळघाटचा समावेश १९७३-७४ मधील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत झाला असून तेथील वृक्षतोडीवर बंधने आहेत. म्हणून चिरलेली तुळई बदलण्याऐवजी बहुधा घरच उतरविले जाते व त्याचे खांब, चौकटी विकल्या जातात. जुना खिळा हळूच ओढून काढणे, त्याचे भोक त्याच जातीच्या लाकडाच्या खुंटीने भरणे, नवी जागा कडेपासून दूर निवडणे व तेथे योग्य व्यासाचे पूर्वछिद्र पाडणे, एवढी काळजी घेतल्यास तेच लाकूड आणखी एक पिढी टिकू शकते. या कामास वेळ थोडाच लागतो. लागते ते लाकडाचे तंतू कोठून कोठे जातात हे हत्यार चालविण्यापूर्वी पाहण्याचे ज्ञान. आणि जुन्या कारागिरांबरोबर हेच ज्ञान प्रथम नाहीसे होत आहे.